हार्नेस रुततो, कारण तो सैल आहे

प्रश्न : मी 29 वर्षांची आहे, नागपूरला प्रतापनगरात राहते. दोन वर्षं कृत्रिम भिंतीवर चढते आहे. या डिसेंबरात आमचा ग्रुप सह्याद्रीत जाणार आहे. तिथे नट आणि कॅम (कातळाच्या भेगेत बसवायचे धातूचे आधार) लावत दोन-तीन पिचचं (पिच म्हणजे दोराच्या एका लांबीत चढायचा टप्पा) पारंपरिक प्रस्तरारोहण करायचं ठरलंय. सरावाला मी ग्रुपचाच हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे सुरक्षेचे पट्टे) वापरते. तो लार्ज मापाचा, कमरेला एकच बकल असलेला आणि मांडीचे पट्टे कमी-जास्त न होणारा आहे. वीस मिनिटं लटकून बिले दिला, म्हणजे चढणाऱ्या साथीदाराचा दोर सांभाळला, की मांडीच्या आतल्या बाजूला पट्टा रुततो, पाय बधिर होतात आणि कंबरपट्टा बरगड्यांपर्यंत चढतो. गिअर लूप, म्हणजे सामान अडकवायचे फासे, तर पोटावरच येतात. मैत्रिणी म्हणतात, जाड गादीचा महागडा घे. माझी कंबर 76 सेंमी आणि मांडी 58 सेंमी आहे. इथे घालून बघायला मिळत नाही, ऑनलाइनच मागवावा लागेल. कोणता घेऊ? भावाकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेला एक हार्नेस आहे, तो चालेल का? आणि 8 वर्षांच्या भाचीलाही भिंतीवर न्यायचंय, तिला लहान मापाचा चालेल ना?

उत्तर : गादीचा विचार जरा बाजूला ठेवा. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे हार्नेस तुम्हाला मोठा होतोय. पट्टा रुतला की तो घट्टच असणार असं आपण धरून चालतो. लटकताना मात्र बहुतेक वेळा उलटंच घडतं. मांडीचा पट्टा सैल असला की वजन येताच तो वर सरकतो, जांघेत जाऊन बसतो आणि त्याची नुसती कड मांसात शिरते. मापाचा पट्टा मांडीखाली पूर्ण रुंदीनं सपाट टेकतो, त्यामुळे तेच वजन मोठ्या भागावर वाटलं जातं.

बरगड्यांचंही तसंच. लटकलेल्या माणसाचं बरंचसं वजन मांड्यांनी पेलायचं असतं, कंबरपट्ट्याचं काम धड सरळ धरून ठेवण्याचं. मांडीच्या पट्ट्यांनी भार घेतलाच नाही तर तो सगळा कमरेवर जातो आणि बिले लूप (पुढच्या बाजूला कंबरपट्टा आणि मांडीपट्टे जोडणारा मजबूत फासा) पट्ट्याला वर ओढत राहतो. गिअर लूप पोटावर येतात त्याचं कारण तर अगदी साधं आहे. लार्जचा पट्टा तुमच्या कमरेला बसवायला बकल शेवटपर्यंत ओढावं लागतं, म्हणून गादीची दोन्ही टोकं पुढे येतात आणि त्यांच्यावर शिवलेले लूपही सोबत येतात. त्यात बकल एकच, म्हणजे ओढ एकाच बाजूनं. गादी पाठीच्या मध्यावरून सरकते आणि एका बाजूचे लूप पोटावर तर दुसऱ्या बाजूचे पार पाठीमागे जातात. असाच मोठ्या मापाचा पण जाड गादीचा हार्नेस आणलात तर पैसे जास्त जातील आणि दुखणं तेच राहील.

आता माप. कंबर मोजताना पँटचा पट्टा बांधतो तिथे मोजू नका. दोन्ही हात कमरेवर ठेवा, खुब्याच्या हाडाची वरची कड बोटांना लागेल. टेप तिच्या वर, साधारण बेंबीच्या रेषेत धरायची. मांडी मोजायची ती वरच्या बाजूला, सगळ्यात जाड असते तिथे. ज्या कपड्यांत चढणार तेच कपडे घालून मोजा, कारण डिसेंबरात सह्याद्रीतल्या पहाटे जाड पँट आणि आत थर्मल असतं, नि सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक तिथेच पडतो. तुमचे 76 आणि 58 हे आकडे कसे घेतलेत ते पत्रात नाही, म्हणून एकदा पुन्हा मोजा.

कंबर 76 आणि मांडी 58 म्हणजे कमरेच्या मानानं मांडी भरलेली. बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात तुमची कंबर एका मापात बसेल आणि मांडी त्याच मापाच्या वरच्या टोकाला किंवा त्यापुढे जाईल. म्हणून तुम्हाला मांडीला बकल असलेला हार्नेसच घ्यायला हवा. न उघडणारे, नुसत्या इलॅस्टिकवर ताणले जाणारे मांडीपट्टे तुमच्यासाठी नाहीत. बायकांसाठी वेगळे बनवलेले हार्नेस जरूर बघा. त्यांत मांडीचे पट्टे कमरेच्या तुलनेत मोठे असतात, कंबरपट्ट्याचा आकार कमरेच्या वळणाला धरून असतो आणि कंबरपट्टा ते मांडीपट्टा हे पुढचं अंतर, ज्याला राइज म्हणतात, ते जास्त असतं. आरामाच्या दृष्टीनं या राइजला फार महत्त्व आहे आणि खरेदीच्या वेळी कोणी त्याबद्दल विचारत नाही. ते कमी पडलं तर कंबरपट्टा खाली खुब्याच्या हाडावर ओढला जातो, मांडीपट्टे जांघेत घुसतात आणि लटकताना माणूस मागे कलतो. जास्त झालं तर मांडीपट्टे भार घ्यायला उशीर करतात आणि पट्टा पुन्हा बरगड्यांकडे चढतो. तक्त्यात राइज क्वचितच छापलेलं असतं. ते लटकूनच कळतं. कसं, ते खाली सांगतो.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर एक नियम पाळा. घट्ट केल्यावर बकल त्याच्या पट्टीच्या साधारण मध्यावर आलं पाहिजे, म्हणजे थर्मल घातलं तरी आणि काढलं तरी दोन्हीकडे वाव राहतो. बकलमधून बाहेर निघालेलं पट्टीचं टोक किमान 8 सेंमी असायलाच हवं. ते त्याहून कमी भरलं तर माप लहान आहे आणि ते धोक्याचं आहे, तडजोड करू नका. कमरेला दोन बकलं असलेला हार्नेस मिळाला तर उत्तम, कारण दोन्ही बाजूंनी सारखं ओढता येतं आणि गादी पाठीच्या मध्यावर राहते. पारंपरिक चढाईत हा चैनीचा भाग नाही. नट कुठे आणि कॅम कुठे हे हाताला न बघता कळायला हवं असेल तर लूप रोज त्याच जागी असावे लागतात.

घालून झाल्यावर तीन गोष्टी बघा. पट्टा खुब्याच्या हाडांच्या वर आहे ना, आणि दोन्ही हातांनी खाली ओढला तरी तो खुब्यांवरून उतरत नाही ना? पट्टा आणि पोट यांच्यामध्ये सपाट तळहात जातो पण मूठ जात नाही ना? पुढच्या गिअर लूपची सुरुवात पँटच्या बाजूच्या शिवणीच्या थोडी पुढे येते ना? शिवणीच्या बरीच पुढे आली तर पट्टा मोठा आहे, आणि मागे गेली तर लहान. तुमचा आत्ताचा हार्नेस या तिसऱ्याच प्रश्नावर नापास होतो.

गादीबद्दल मैत्रिणींचं अगदीच चूक आहे असं नाही. पण बोटानं दाबल्यावर खोल जाणारा फोम म्हणजे आराम नव्हे. वजन आलं की मऊ फोम दबून पातळ होतो आणि आतली अरुंद पट्टी जाणवायला लागते. जरा कडक, पाठीकडे रुंद आणि आकार न सोडणारा पट्टा जास्त वेळ सुसह्य राहतो. फोमऐवजी रुंद विणीत पट्ट्या पसरवून किंवा पातळ थर चिकटवून बनवलेले हार्नेसही मिळतात. ते दिसायला काहीच वाटत नाहीत, पण भार छान वाटून घेतात. आपल्याकडे घामाचाही विचार हवा. नागपूरला मार्चपासूनच सराव सकाळी आठच्या आत उरकावा लागतो. जाड फोम घाम पितो, लवकर वाळत नाही, आणि मीठ सुकून कडा खरखरीत झाल्या की कमरेची कातडी सोलते. आतल्या बाजूला जाळीचं अस्तर असलेला घ्या.

आता पारंपरिक चढाईसाठी म्हणून वेगळं काय लागतं ते बघू. भिंतीवर कमरेला आठ-दहा क्विकड्रॉ (छोट्या पट्टीनं जोडलेले दोन कॅराबिनर, म्हणजे उघडता येणाऱ्या धातूच्या कड्या) असतात. इथे नटांचा एक संच, सहा-आठ कॅम, लांब स्लिंग (पट्टीचे शिवलेले वेढे), नट काढायचं हत्यार, दोर अडवणारं बिले डिव्हाइस, प्रुसिकच्या (दोराला धरून राहणाऱ्या गाठीच्या) दोऱ्या, लॉकवाले कॅराबिनर असं मिळून चार-पाच किलो सहज होतं. सह्याद्रीत कुठे मेखा आणि हातोडाही घ्यावा लागतो. म्हणून किमान चार गिअर लूप हवेत. त्यांचा आकार नीट बघा. खाली टोकाशी अरुंद होणाऱ्या लूपमध्ये सगळे कॅराबिनर तळाशी एकत्र गोळा होतात आणि हवा तो निघत नाही. पुढे उतरता आणि तळ सपाट असलेला, आत प्लास्टिकची नळी घातलेला लूप सामान पुढे हाताशी आणून ठेवतो. पुढच्या एका लूपमध्ये आठ कॅराबिनर अडकवून मधला एक न बघता, एका हातानं काढून पाहा. जमलं तर लूप चांगला. कडक लूपचा एक तोटा आहे. पाठीवर सॅक घेतली की मागचे दोन लूप सॅकच्या कमरेच्या पट्ट्याखाली दबून टोचतात. सॅक घेऊन चढायचं असेल तर पुढचे कडक आणि मागचे मऊ असा हार्नेस बघा.

लूप भरताना पुढच्या दोन्हींत नट-कॅम हे बचावाचं सामान ठेवा. नट दोन-तीन कॅराबिनरांवर वाटून, कॅम लहानाकडून मोठ्याकडे. मागे स्लिंग, अँकरचं (स्वतःला कातळाशी बांधून ठेवायच्या आधाराचं) सामान, प्रुसिक. भार दोन्ही बाजूंना सारखा असू द्या, नाहीतर दिवसभरात पट्टा वजनदार बाजूकडे फिरतो. चिमणीसारख्या अरुंद घळीत शिरायचं असेल तर कमरेचं सामान घासतं आणि अडकतं. अशा वेळी खांद्यावरून तिरक्या घेतलेल्या गिअर स्लिंगवर ते हलवलं की कमर मोकळी होते. गिअर लूप फक्त सामान लटकवायला असतात. त्यांना कधीही स्वतःला बांधू नका, क्षणभरासाठीसुद्धा नाही. पाठीमागचा हॉल लूपही दुसरा दोर ओढून नेण्यापुरताच.

हार्नेसचं वजन बघून भुलू नका. स्पर्धेचे आणि स्पोर्ट चढाईचे अतिहलके हार्नेस 250-300 ग्रॅमचे असतात, लटकून बिले द्यायला ते निरुपयोगी. तुमच्यासाठी 400 ते 500 ग्रॅमच्या आसपासचा योग्य. त्याहून जड, मोठ्या भिंतींवर दिवसच्या दिवस राहणाऱ्यांसाठी असलेले हार्नेस दोन-तीन पिचसाठी नकोत. चालताना आणि पाय उंच टाकताना ते अडतात.

ऑनलाइन आला की घरीच त्याची परीक्षा घ्या. लेबल काढू नका, धुतलेले कपडे घाला, परत करता आला पाहिजे. घरात तुळईला किंवा स्लॅबला झोपाळ्याच्या कड्या असतील आणि त्यांवर मोठी माणसं बसून झुलत असतील, तर त्या कामाला येतील. पंख्याच्या हुकाला किंवा दाराच्या चौकटीत अडकवलेल्या बारला लटकू नका. कड्या नसतील तर सरावाच्या भिंतीवर जा. कडीतून स्लिंग घेऊन लॉकवाल्या कॅराबिनरनं बिले लूप तिला जोडा. उंची अशी ठेवा की पाय जमिनीपासून वीतभर वर राहतील आणि पाय लांबवून कधीही उभं राहता येईल. सोबत कोणीतरी असू द्या. मग चारही गिअर लूपना पाण्याची भरलेली लिटरची बाटली एकेक अडकवा. झालं चार किलो वजन, साधारण तुमच्या चढाईच्या सामानाइतकं. आता दहा मिनिटं लटका. दोन मिनिटांत सगळेच हार्नेस चांगले वाटतात, खरं काय ते सातव्या-आठव्या मिनिटाला कळतं.

काय दुखतं त्यावरून दोष ओळखा. हात सोडूनही धड जवळपास सरळ राहिलं तर राइज बरोबर आहे. हात सोडताच डोकं मागे जायला लागलं तर पट्टा खाली बसलाय किंवा राइज कमी आहे. आधी पट्टा वर घेऊन घट्ट करा, तरीही तसंच झालं तर हार्नेस परत करा. बरगड्यांखाली दाब आला तर मांडीचे पट्टे एक-दोन सेंटिमीटर आवळा. मांडीच्या बाहेरच्या, पुढच्या भागात मुंग्या आल्या तर पट्टा खुब्याच्या हाडाच्या पुढच्या टोकावर दाबतोय, तिथूनच त्या भागाची नस जाते. जांघेत कड रुतली तर मांडीपट्टे खाली ओढून मांडीच्या मागे सपाट बसवा. पाठीमागे त्यांना धरणाऱ्या इलॅस्टिकच्या पट्ट्या फार आखूड असतील तर त्या लांब करा. एवढं केल्यावरही तीच जागा दुखत राहिली तर तो हार्नेस तुमच्या शरीराचा नाही, मग तो कितीही नावाजलेला असो. परत करताना संकोच करू नका. शेवटी बाटल्यांसकट जिना चढून बघा, गुडघा छातीपर्यंत उचला. मांडीपट्टा ताणला जाऊन पाय अडत असेल तर तो बकलमधून किंचित सैल करा.

चांगला हार्नेस घेतला तरी वीस मिनिटं एकाच अवस्थेत लटकून पाय बधिर होणारच, ते कमी करण्याचे उपाय आहेत. अँकरपासूनची लांबी अशी ठेवा की पाय कातळावर दाबून थोडं वजन पायांवर घेता येईल. खडकाला टेकून राहिलात तर निम्मा त्रास कमी होतो. पाय ठेवायला जागाच नसेल तर अँकरला 120 सेंमीची स्लिंग लावून तिच्यात आलटून-पालटून पाय ठेवा. दर काही मिनिटांनी गुडघे हलवा. हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहिल्यावर पायांतलं रक्त परत वर येण्यात अडथळा येतो. कोणी बेशुद्ध होऊन लटकलं असेल तर त्याला काही मिनिटांत खाली आणायचं असतं.

बिले लूपची काळजी वेगळी घ्या. दोर बांधताना तो कंबरपट्ट्याच्या आणि मांडीपट्ट्यांच्या अशा दोन्ही टाय-इन पॉइंटमधून ओवायचा. बिले डिव्हाइस बिले लूपला. अँकरची स्वतःची स्लिंग बिले लूपला गाठ मारून कायमची ठेवू नका. एकाच जागी घासून लूप झिजतो आणि गाठीखाली ते दिसत नाही. 2006 साली योसेमिटीत टॉड स्किनर हे अत्यंत अनुभवी आरोहक जुना, झिजलेला बिले लूप तुटून गेले. नवा लूप गाडी टांगता येईल इतका मजबूत असतो, त्याला संपवते ती झीज. म्हणून प्रत्येक चढाईआधी लूप हातात फिरवून सगळ्या बाजू बघा.

खरेदी करताना कंबरपट्ट्याच्या आतलं लेबल वाचा. ईएन 12277 (गिर्यारोहणाच्या हार्नेसचं युरोपीय मानक), टाइप सी (कमरेचा हार्नेस), सीई खूण, निर्मितीचं वर्ष आणि महिना एवढं हवंच. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेची खूण असेल तर आणखी चांगलं. इतवारीत बांधकामाच्या सामानाच्या दुकानांतून सेफ्टी बेल्ट मिळतात, आयएस 3521 लिहिलेले. ते मचाणावर काम करणाऱ्यांसाठी आहेत आणि त्या कामाला चांगले आहेत. पण त्यांचा जोड बहुधा पाठीवर असतो, दोर बांधून लीड करायला, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढायला, ते चालत नाहीत.

भावाचा हार्नेस. घेतल्याची तारीख महत्त्वाची नाही, लेबलवरची निर्मितीची तारीख बघा. बहुतेक कंपन्या न वापरलेल्या हार्नेसलाही निर्मितीपासून जास्तीत जास्त दहा वर्षं देतात आणि नेहमी वापरला तर त्याहून खूपच कमी. वयात बसत असला तरी तो कुठे ठेवला होता हे विचारा. आपल्याकडे बाल्कनीच्या कपाटात, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी असं सामान पडून असतं. बॅटरीतलं आम्ल आणि त्याची वाफ नायलॉन कुजवते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. अशा जागी होता एवढं कळलं तरी तो कापून टाका, म्हणजे पुढे कोणी वापरणार नाही. बॅटरीचा संबंध नसेल तर उन्हात उडालेला रंग, उसवलेली शिवण, कडक झालेली किंवा केसाळ झालेली पट्टी, उंदरानं कुरतडल्याची खूण शोधा. यातलं एकही दिसलं तर नको. बर्डीवर बॅगा शिवून देणाऱ्याकडून शिवण मारून घेण्याचा विचारही करू नका. आणि हे सगळं ठीक निघालं तरी तो भावाच्या मापाचा आहे. तुमचं मूळ दुखणंच मापाचं आहे, हे विसरू नका.

नवा घ्याल तोही जपा. घाम लागला की 30 अंशांपर्यंतच्या पाण्यात सौम्य साबणानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तो राहू देऊ नका. कूलर चालू असलेल्या दमट खोलीतही नको, बुरशी धरते. आणि बादामीसारख्या वाळूखडकावर जाऊन आलात तर लगेच धुवा. पट्टीत शिरलेले वाळूचे कण आतून धागे कापत राहतात.

भाचीला कंबरेचा हार्नेस देऊ नका, कितीही लहान मापाचा असला तरी. आठ वर्षांच्या मुलीचे खुबे अजून भरलेले नसतात. त्यामुळे पट्टा अडायला जागाच नसते आणि ती उलटी झाली तर त्यातून निसटू शकते. तिला खांद्यावरून पट्टे असलेला पूर्ण शरीराचा हार्नेस हवा, लेबलवर ईएन 12277 टाइप बी असलेला. तो 40 किलोपर्यंतच्या मुलांसाठी असतो आणि दोर छातीच्या उंचीवर बांधला जातो. भिंतीवर गेल्यावर आधी तो घालून तिला जमिनीपासून फूटभर उंचीवर लटकू द्या. कुठे टोचतंय का ते तिलाच विचारा. मुलं अशा वेळी खरं सांगतात.